मागच्या दारचं ताट

माले, ता. मुळशी
बुधवार, ६ डिसेंबर २००६

रत्नाक्का,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. तुमच्या नावामागं गं. भा. लिवायला पायजे, पर चार वर्सं झाली तरी हात धजत न्हाई. राग मानू नका.

हितं समदं बरं हाय. भात झोडून झाला, पेंढा माळ्यावर चढला. म्हस आटलीया. तुमचा गुडघा कसा हाय? कैलासची नवी खोली भाड्यानं गेली का? तुमच्याकडं चांद्याला आता कंपनीतली पोरं लई आल्यात म्हनं. पत्र शेजारच्या नथूच्या हाती देतीया. फोन तुमचा कैलास उचलतो, म्हनून केला न्हाई. हे त्याच्याकडनं वाचून घेऊ नका. हळूहळू वाचा, तुमाला येतं.

तुमच्या दिरांचे लाईट, किरनांचा शेक, चालू हायेत, पुण्याला. भाऊजींचंच दुखनं, प्रोस्टेटचा कॅन्सर. थोरल्याचं धाकट्याला आलं. डॉक्टरीनबाई लई मायेची हाय. पहिल्याच दिशी मला बसवून सांगितलं, सकाळी पोट साफ करून आना, मग पानी पिऊन लघवी धरून ठेवायची. लघवीची पिशवी भरली की आतडी वर सरत्यात, लाईटच्या वाटंतनं बाजूला व्हत्यात. उसळ, दूध, तिखट बंद. मऊ भात आन् मुगाचं वरण, थोडं थोडं, पर उपाशी ऱ्हायचं न्हाई. जुलाब झाले, रक्त दिसलं तर लगेच सांगा, औषध हाय म्हनाली. मी समदं तसंच करतीया.

तर झालं काय, ताट वाढलं की हे उचलून मागच्या दारी न्यायला लागले. जांभळीखाली, भाऊजी शेवटी शेवटी बसायचे तितं. म्हनाले, "आण्णाला भूक लागलीया." अगं बया! मेलेल्या भावाला भूक? इचारलं, कोन म्हनालं? तर म्हनाले, "तोच. हाक मारतोय." आन् ताट परत यायचं ते चाटूनपुसून लख्ख. आक्का, मी भ्याले. भाऊजींच्या पोटात शेवटी घास ठरत न्हवता, तुमाला ठावं. मला वाटलं, अन्नातच जीव अडकला आसंल त्येंचा. खोटं कशाला सांगू, मी भातावर तूप जास्त सोडाया लागले. मागच्या दारी वहाना वाजलेल्या मलाबी ऐकू यायला लागल्या.

मग पौडच्या स्ट्यांडवर ह्येंना भवळ आली. तसंच दवाखान्यात नेलं. बाईनं टेबलावर निजवलं आन् थांबलीच. लाईटचा नेम धरायला पोटावर रेघा आखल्यात, त्या जाग्यावर राहिल्याच न्हाईत. कातडं सैल पडलंय. "बाबा, तुम्ही जेवता की नाही? अंग असं उतरलं तर नेम चुकतो, उलट आतड्यालाच जास्त लागतं." त्या दिशी लाईट दिला न्हाई. सोमवारी येऊन नव्या रेघा आखून घ्या म्हनाली.

दुसऱ्या दिशी भर दुपारी मी ह्येंच्या मागनं गेले. जांभळीखाली नथूचं कुत्रं. मेलं असलं फुगलंय, चालताना पोट घासतंय. हे त्याच्यापुढं ताट धरून बसलेले, आन् बोलत व्हते आण्णाशी. मी ताट हिसकलं. तोंडाला येईल ते बोलले. ह्येंनी मान वर केली न्हाई. म्हनाले, "आण्णा जेवून जायचा लाईटला. त्याची आतडी जळाली. माज्या पोटात कायच न्हाई म्हंजी जळायला कायच न्हाई." आता सोमवारी जानारच न्हाई म्हनत्यात.

लिवायचं ते आता लिवते. ह्येंना रक्त जातंय. थोडंच, पर जातंय. लगीन झाल्यापास्नं ज्या मानसानं सोताचा रुमाल धुतला न्हाई, ते हिरीवर बसून धोतर चोळत व्हते. मी बाईला सांगीन हो, पर आधी ह्येंना तितवर न्यायचं कसं?

भाऊजींनीबी असंच लपवलं. हे तुमाला आन् मला, दोघींनाच ठावं. दहाव्याला नदीवर तुमी माझ्या गळ्यात पडून सांगितलंत, म्हैनोन् म्हैने रक्त जात व्हतं, डॉक्टर इचारायचे आन् भाऊजी "समदं झ्याक" म्हनायचे, धोतरं तुमी गुपचूप धुवायच्या. ह्येंना वाटतंय, लाईटनंच मारलं. मी सांगितलं तर म्हनतील, तू व्हतीस का तितं? तुमी व्हता, आक्का.

ठावं हाय, भाऊजींनी शपथ घातलीया, कुनाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. ते तोंड आपन दोघींनी बघितलं. तुमीच त्यात पानी घातलं. आता कशाला भ्यायचं?

रविवारी या. जांभळीखाली बसून दिराला सांगा. भाऊजींनाबी ऐकू जाऊ द्या. मी तीन ताटं वाढीन, तुमचं, ह्येंचं आन् माझं. आन् मागच्या दाराला कडी घालीन.

तुमची धाकटी जाऊ,
आजच्या तारखेला तरी
सौ. गोजरा