रिकाम्या सभागृहाने एकमताने फेटाळलेल्या मान्यतेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
कृष्णाकाठ विद्यापीठ, सांगली.

अर्जदार : मल्हार धुळा गोरड, अधिव्याख्याता (भूगोल), मु. पो. दहिवडी, ता. माण, जि. सातारा.

विषय : अर्जदार सभागृहाबाहेर असताना फेटाळलेली कायम मान्यता दि. ३१ मार्चपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : भूगोल अभ्यास मंडळ, सभा दि. १२ सप्टेंबर १९९६, विषय क्र. ९.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा माण तालुक्यातील एका महाविद्यालयात दोन वर्षांपासून तात्पुरत्या मान्यतेवर भूगोल शिकवीत आहे. ही मान्यता ३१ मार्च १९९७ रोजी संपते. कायम मान्यता न आल्यास १ एप्रिलपासून तो शिक्षक राहत नाही. तारीख विद्यापीठानेच निवडलेली असल्याने तिच्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही.

गेल्या १२ सप्टेंबरला मूळ कागदपत्रे घेऊन समक्ष हजर राहण्याचे पत्र आल्यावरून अर्जदार पहाटेच्या एस.टी.ने विटा-तासगावमार्गे सांगलीस पोहोचला. अभ्यास मंडळांचे काम पाहणारे अधीक्षक श्री. भाऊसो यांनी, "आवं सर, उभं कशाला? त्या हॉलमधी बसा, तितं पंखा हाय," असे आपुलकीने सांगितले. त्या हॉलमध्ये भूगोल अभ्यास मंडळाची सभा भरली आहे, ही गोष्ट पंख्याखाली बसल्यावर ध्यानात आली.

सभेस चार सदस्य लागतात. हजर तीन होते, तिघेही साताऱ्याहून एकाच जीपने आलेले. त्यांतील ज्येष्ठ डॉ. लालासाहेब यांनी गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब केली. आपली रीत महोदयांस ठाऊकच आहे. अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे साडेअकराला जे तिघांना जमत नाही, ते बाराला एकट्यालाही जमते. तिघे चहाला गेले ते आले नाहीत. "आम्ही परत येतच होतो, पण जीप साताऱ्याकडं तोंड करून उभी होती," असा खुलासा डॉ. लालासाहेब यांनी पुढे केला आहे.

दरम्यान भाऊसो यांनी हजेरीवही अर्जदारापुढे सरकवली. "सही करा, म्हंजे तुमचाबी च्या सांगता येतो." पहाटेपासून उपाशी असलेल्या अर्जदाराने रिकाम्या दिसलेल्या चौथ्या ओळीवर सही केली. ती ओळ 'दुष्काळी भागातील एक शिक्षक' या सदस्याची असून सहा वर्षे रिकामी होती, हे त्यास चहा प्याल्यावर कळले.

"भाऊसो, मी सदस्य न्हाई," असे अर्जदाराने तत्काळ निदर्शनास आणून दिले.

"सही कुणाची हाय?"

"माजीच."

"माणचंच न्हवं तुमी?"

"व्हय."

"दुष्काळ हाय न्हवं तितं?"

"हाय की."

"मंग?"

अर्जदाराने हजेरीवही मिटून परत सरकवली.

बारा वाजता सभा भरली. विषय एक अध्यक्षनिवडीचा होता; हजर एकच असल्याने अर्जदार अध्यक्षपदी बिनविरोध निवडून आला. विषय दोन ते आठ, म्हणजे साऱ्या विद्यापीठाचा तीन वर्षांचा भूगोल, मंजूर झाला. विषय नऊ निघाला : 'श्री. गोरड यांना कायम मान्यता देणे.' स्वतःचा विषय निघताच सदस्याने बाहेर जावे, असा नियम आहे. तो कोणी पाळल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नव्हते. परंतु पहिलाच दिवस, सुरुवात तरी सरळ व्हावी, म्हणून तो उठला आणि दार ओढून व्हरांड्यात उभा राहिला. आत भाऊसो उरले. त्यांना मत नाही. त्यांनी विषय मोठ्याने वाचला आणि "कुणाला काय म्हनायचं हाय का?" असे खुर्च्यांना तीनदा विचारले. हे अर्जदाराने दाराच्या फटीतून ऐकले. खुर्च्या काही बोलल्या नाहीत. इतिवृत्तात नोंद झाली : 'एकाही उपस्थित सदस्याने अनुकूलता न दर्शविल्याने प्रस्ताव एकमताने फेटाळण्यात आला.'

खाली अध्यक्ष म्हणून अर्जदाराची सही आहे. ती त्याने वाचून, शुद्धीवर असताना केली. ती केली नसती तर बाकीचे विषयही पडले असते आणि चाळीस महाविद्यालयांत त्या वर्षी भूगोल राहिला नसता.

"आता बदलायचं तर पुन्यांदा सभाच पायजे," असे भाऊसो म्हणाले. सभा बोलावण्याचा अधिकार फक्त अध्यक्षांना. सबब अर्जदाराने अध्यक्ष या नात्याने दि. ४ फेब्रुवारीस सभा बोलावली. साताऱ्याचे तिघे आले, चौथा अर्जदार, गणपूर्ती झाली. फेरविचाराचा विषय निघाला, अर्जदार बाहेर गेला, आत तीन उरले, गणपूर्ती मोडली. सभा अर्धा तास तहकूब. आता गणपूर्ती नको, पण अध्यक्ष हवा, म्हणून अर्जदार आत आला. तो आत असताना विषय घेता येईना, म्हणून बाहेर गेला. बाहेर गेल्यावर अध्यक्ष नाही, म्हणून आत आला. त्याने डॉ. लालासाहेब यांस प्रभारी अध्यक्ष नेमल्याचे लेखी दिले. ते म्हणाले, "ज्याचा निकाल द्यायचा त्यानंच मला खुर्चीवर बसवलं, असं उद्या कोणी म्हणालं तर? माझी दोन वर्षं राहिलीत गोरड, निवृत्तीला."

चार वाजेपर्यंत हे नऊ वेळा झाले. अखेर अर्जदार एक पाय आत, एक पाय बाहेर असा उंबऱ्यावर उभा राहिला. त्यावर सभागृहात मतभेद झाले. "एक तर आत या, न्हायतर बाहेर जावा गड्या, वारं येतंय," असे डॉ. लालासाहेब म्हणाले, आणि उंबऱ्यावरील इसम उपस्थित धरावा किंवा कसे, यावर विधी विभागाचा अभिप्राय मागवून सभा संपली. विधी विभागाने, दार कोणत्या बाजूस उघडते ते कळवावे, असे विचारले आहे. बांधकाम विभागाने ते दोन्ही बाजूंस उघडते असे कळविले. तेव्हापासून फाइल शांत आहे.

दि. ३ मार्चला अर्जदारास आपली दोन पत्रे एकाच टपालाने मिळाली. एकात 'सन्माननीय अध्यक्ष महोदय' यांना विनंती आहे की, ३१ मार्चनंतर एकही अमान्य शिक्षक वर्गात राहणार नाही याचा दाखला द्यावा. दुसऱ्यात 'श्री. गोरड' यांना नकाशाखोलीची किल्ली जमा करण्याचा हुकूम आहे. पहिल्या पत्राच्या माणसाने दुसऱ्या पत्राच्या माणसाला काढायचे आहे. दोघांची समजूत घालून पाहिली. दोघेही नियमावर बोट ठेवतात.

महोदय, येथवर हसण्यासारखे असेल तर अर्जदाराची हरकत नाही. तोही सप्टेंबरात हसला होता. परंतु तृतीय वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा १० एप्रिलला आहे. अठ्ठावीस मुलांच्या वह्यांवर मान्यताप्राप्त शिक्षकाची सही नसेल तर त्यांना बसता येत नाही, आणि दहिवडीत भूगोलाला दुसरा शिक्षक नाही. परवा समीक्षा नावाची विद्यार्थिनी वही घेऊन आली. तिच्या वडिलांनी यंदा परीक्षा झाली की लग्न, असे ठरवले आहे. "सर, आत्ताच सही करून ठिवा की," ती म्हणाली. "नकाशा अर्धाच हाय, पण मी पुरा करीन. तुमी नसला तर पुढच्या वर्साला मला कोन पाठवतंय?" अर्ध्या नकाशावर सही करता येत नाही, असे अर्जदाराने तिला सांगितले. ती गेल्यावर त्याला त्या सांगण्याची लाज वाटली.

घरी वडील धुळा गोरड मेंढरं घेऊन यंदा अजून चाऱ्यासाठी घाटाखाली उतरलेले नाहीत. "तू मास्तर हायस का न्हाईस, तेवडं सांग," ते म्हणतात. "हायस तर मी जातो. न्हाईस तर दोघं जाऊ." अर्जदाराने त्यांना इतिवृत्त वाचून दाखवले. ते म्हणाले, "लेका, आपला कळप मोजताना बी कवा भाईर जाऊ नये."

तरी मा. कुलगुरूंनी आपल्या अधिकारात दि. ३१ मार्चपूर्वी निर्णय द्यावा, ही विनंती. निर्णय विरुद्ध असला तरी चालेल. मात्र तो देताना खोलीत कोणीतरी माणूस असावा.

हा अर्ज दोनदा परत आला. तो अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांच्या अभिप्रायासह आल्याशिवाय स्वीकारता येत नाही, असे भाऊसो यांनी कळविल्यावरून खाली तशी पूर्तता केली आहे.

आपला, आजच्या तारखेस तरी अधिव्याख्याता,

(मल्हार धुळा गोरड)
दहिवडी, दि. २१ मार्च १९९७

सोबत : दोन्ही सभांची इतिवृत्ते, दि. ३ मार्चची दोन्ही पत्रे. अठ्ठावीस विद्यार्थ्यांची यादी.

अध्यक्षांचा अभिप्राय :

अर्जदारास मी जन्मापासून ओळखतो. अर्जात त्याने खोटे लिहिलेले नाही. तो रोज वर्गावर जातो, आजही गेला होता. माझा हितसंबंध असल्याने ही शिफारस समजू नये. हे लिहिताना मी खोलीतच होतो.

(म. धु. गोरड)
अध्यक्ष, भूगोल अभ्यास मंडळ