उजवा फूटरेस्ट

प्रिय भिंगरी,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "बरं बाबा, बघू" म्हणतेस आणि माझा अर्धा राग तिथेच विरघळतो. या खेपेला मला तो विरघळू द्यायचा नाही, म्हणून लिहितो आहे.

काल दुकानात एक शिलाई मशीन उघडून बसलो होतो, बोटं तेलात, तेवढ्यात एक चकचकीत बूटवाला दारात येऊन उभा. म्हणे, "काका, ती कॅफे रेसर बाइक बघायला आलोय, जाहिरात वाचून." मी म्हटलं, कसली जाहिरात? त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मीच तुला पाठवलेला तुझ्या गाडीचा फोटो! खाली तुझा नंबर आणि माझ्या दुकानाचा पत्ता. अगं, विकायची होती तर बापाला आधी एक शब्द सांगायला काय जीभ झिजली असती? तो फोटो पाठवला तेव्हा तुझं उत्तर काय आलं होतं, आठवतं? एक अंगठा. पिवळा. सगळा हिवाळा मी त्या गाडीखाली थंडगार फरशीवर पाठ टेकून काढला, आणि मला अंगठा! अंगठा दाखवणं कशाला म्हणतात ते तुला ठाऊक आहे ना?

बरं, त्या बूटवाल्याचं ऐक. गाडीभोवती फिरला, टाकीवर टिचकी मारली. गोल हेडलाइट आवडला, आखूड मडगार्ड आवडले. चेसिसची शेपूट कापून मागे वेल्ड केलेली कमान तर फारच आवडली. ती मी दोनदा केली आहे. पहिली सुताभर डावीकडे कलली होती. दुसऱ्या कुणाला दिसली नसती, पण मला दिसत होती, म्हणून कापून टाकली. आणि अशा माणसाच्या कामात हा खोट काढायला लागला! किक कुठाय? किक मारण्यातच तर मजा असते काका. सीट एवढी बुटकी का? मग खाली वाकला, एक डोळा मिटून पाहिलं आणि हसला. "काका, चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं. दोन फूटरेस्ट एका रेषेत नाहीत. उजवा चांगला दोन बोटं पुढे आलाय. आणि अशा गाडीला ते मागे असतात हो, मागे!"

हे मला! शिलाई मशीनची सुई आणि हूक यांच्यात केसाएवढा फरक पडला तर टाका सुटतो, हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलेलं नाही. मशीनं खोलून, जोडून, पुन्हा खोलून स्वतः शिकलो. वेल्डिंगही तसंच, हाताला डाग पाडून घेत. आणि मला म्हणे दोन लोखंडी नळ्या एका रेषेत बसवता येत नाहीत. शेजारचा टेलर गळ्यात टेप अडकवून फिदीफिदी हसत होता. एका वाक्यात दोघांची तोंडं बंद केली असती. पण ते वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं, म्हणून गिळलं आणि चष्मा पुसत बसलो.

तुझ्या मामाचं तर विचारूच नकोस. दर खेपेला चहाचा कप खाली ठेवताना त्याचं पालुपद ठरलेलं, "पोरीला आता गाडी कशाला? विकून मोकळे व्हा भावोजी." त्याच्या बोलण्याला मी कधी किंमत दिली नाही. पण तूही त्याच्याच पंगतीला जाऊन बसशील असं वाटलं नव्हतं.

गाडी घेतलीस तेव्हा केवढी उंच होती ती! सांडणीच. तू बसलीस की जेमतेम चवडे टेकायचे, तरी जमिनीची मोजणी करायला दगडधोंड्यांतून, नदीपात्रांतून जायचीस आणि कानापर्यंत चिखल घेऊन यायचीस. आई ओरडायची, तू हसायचीस. मग ते खडीचं वळण आलं. दवाखान्यातून घरी आलीस त्या दिवशी भिंतीला टेकवलेल्या गाडीकडे नीट पाहिलंही नाहीस. "तिचं काहीही करा. मला आता कच्चा रस्ता नको," एवढंच म्हणालीस. आणि दुसऱ्या शहरात जाऊन इतरांनी केलेल्या मोजण्यांचे नकाशे काढत बसलीस.

ठीक आहे, कच्चा रस्ता नको. पण डांबरी रस्त्याने तुझं काय घोडं मारलं होतं? तेव्हा तू कुणाला काही विचारू देत नव्हतीस, म्हणून मी कामालाच लागलो. खडबडीत टायर काढले. पुढचं मोठं चाक काढून लहान बसवलं. शॉकअप आखूड केले. तुझी आई उंचीने तुझ्याएवढीच, म्हणून तिला वरचेवर गाडीवर बसवायचो आणि तिच्या दोन्ही टाचा जमिनीला पुऱ्या टेकेपर्यंत सीट उतरवत गेलो. ती म्हणायची, "या वयात मला शर्यतीला पाठवताय की काय?" किक उजव्या पायाने मारावी लागते, म्हणून ती काढलीच. भंगारवाल्याकडून याच इंजिनाच्या दुसऱ्या मॉडेलचं कव्हर आणि मोटर हुडकून आणली. आता बटण दाबलं की सुरू.

आता उजव्या फूटरेस्टचं सांगतो. तू घरी होतीस ते महिने स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीत बसायचीस. डावा पाय खुर्चीखाली दुमडून, आणि उजवा पुढे, जिथे गुडघा दुखत नाही तिथे. नेमका तिथेच. तू उठून गेलीस की मी तिथे खडूने खूण करायचो. तुझी आई पुसायची, "हे घर आहे की गॅरेज?" मी पुन्हा करायचो. खूण दर वेळी त्याच जागी यायची. मग तिनेही पुसणं सोडलं. फूटरेस्ट त्या मापाचा आहे, ब्रेकचं पेडलही. बूटवाल्याला ती चूक दिसली याचं मला फार वाईट वाटलं नाही. फोटो तूही पाहिलास. माप कुणाचं आहे ते तुलाही कळू नये?

तो रविवारी परत येतो आहे. फूटरेस्ट मागे घ्या, एका रेषेत करा, लगेच घेऊन जातो म्हणाला. रात्री तुझाही मेसेज आला, "करून द्या ना बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे." आहे, अर्ध्या तासाचंच आहे. पण मी ते करणार नाही. कागद तुझ्या नावावर आहेत, विकायचा हक्क तुझा आहे, त्यात मी आडवा येणार नाही. हे पत्र फक्त एवढ्यासाठी की शनिवारी ये. गाडी दुकानामागच्या डांबरी गल्लीत काढून ठेवतो. मी आत मशीनपाशी पाठ करून बसेन. तुझ्या आईला खिडकीत यायचं नाही म्हणून बजावलं आहे, ऐकेल याची खात्री नाही. मामाला तर कळवलंच नाही. एकदा बस. दोन्ही पाय टेक, मग उजवा उचलून ठेवून बघ. आणि तरीही विकावीशी वाटली, तर पाना सीटवर ठेवलेला असेल. तो फूटरेस्ट तुझ्या हाताने मागे घे.

तुझाच, राग अजून न गेलेला,
बाबा