सध्या मुक्काम कुठे?

तळोदा,
५ फेब्रुवारी १९६१

प्रिय वत्सला,

तुझं घर बांधून झालं. कौलं चढली, भिंती सारवून झाल्या, दाराला कडी लागली. विकास कचेरीच्या जीपवरचा नजीर परवा डोंगरातून उतरला, त्याने ही बातमी आणली. आज बाजाराला आलेल्या सुरुपसिंगने तिला दुजोरा दिला. सुरुपसिंग सागपाड्याचा कारभारी, आणि घर उभं आहे ते त्याच्याच पाड्यावर. तेव्हा बातमी पक्की धरायला हरकत नाही.

कसलं घर, असं तू पुण्यात बसून विचारशील, म्हणून क्रमाने सांगतो. वीस वर्षं बातम्या लिहिल्यावर माणसाला दुसऱ्या पद्धतीने काही सांगताच येत नाही. दिवाळीनंतर कापसाच्या जिनच्या आवारात तुझी मुलाखत झाली, ती आठव. दर महिन्याला बाजाराच्या दिवशी एका नावाजलेल्या माणसाला बोलवायचं, लोकांसमोर त्याच्याशी गप्पा मारायच्या आणि त्या आमच्या साप्ताहिकात छापायच्या, असा हा माझा उद्योग. तुझ्या आधी एक पैलवान येऊन गेला, एक आमदार, एक जादूगार. लाउडस्पीकर लावणाऱ्या लोटनचा भोंगा तेव्हाही मधेच घुमत होता. तू बोलताना मात्र एकदाही घुमला नाही, त्याचं श्रेय लोटन अजून स्वतःकडे घेतो. मी प्रत्येक पाहुण्याला शेवटी एकच प्रश्न विचारतो: सध्या मुक्काम कुठे? पैलवान म्हणाला होता, तालमीत. आमदार म्हणाले होते, जनतेच्या हृदयात, आणि मागून कुणीतरी भाडं किती म्हणून विचारलं होतं. तू मात्र गप्प राहिलीस. मग म्हणालीस, "नाटक कंपनी मोडल्यापासून मुक्काम असा नाहीच. इथे डोंगराच्या पायथ्याशी कुणी चार वासे उभे करून दिले, तर इथेच राहीन." टाळ्या पडल्या. मी आभार मानले, साप्ताहिकाच्या वतीने तुझ्या हातात नारळ आणि साडी दिली आणि कार्यक्रम संपवला.

टाळ्या आपल्या तळोदेकरांनी वाजवल्या. सातपुड्यातून बाजाराला आलेली माणसं भिंतीकडेला बसली होती, त्यांनी वाजवल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना मराठी नीट कळलं नसेल. पुढच्या बाजाराला सुरुपसिंग साप्ताहिकाच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसला आणि त्याने विचारलं, बाईला घर उगवतीकडे तोंड करून चालेल का. मी हसलो. तो हसला नाही. मग हळूहळू उलगडा झाला. त्यांच्याकडे चार माणसांत बोललेला शब्द म्हणजे नुसतं बोलणं नसतं. बाईने घर मागितलं ते सगळ्यांनी ऐकलं, पाड्यावर त्यावर बसून विचार झाला, आणि ठरलं. आपण व्यासपीठावर किती गोष्टी मागतो आणि देतो, वत्सला. समोरचा त्या खऱ्या मानून घरी घेऊन जाईल, असं आपल्या कुणाच्या मनातही येत नाही.

त्यांच्यात लाह नावाची रीत आहे. एकाच्या कामाला सगळ्या पाड्याने हात लावायचा. मजुरी नसते, ज्याचं काम त्याने फक्त जेवण घालायचं. तू तिथे नव्हतीस, म्हणून तुझ्या वतीने सुरुपसिंगने बोकड कापला. भात काढून झाल्यावर कामाला सुरुवात झाली. घरटी एक वासा आला. कुडासाठी बांबू रूपलीबाईने आपल्या बांधावरचे दिले. ही सुरुपसिंगची चुलती, म्हातारी आहे, आणि पाड्यावर तिच्या शब्दाला फार वजन आहे.

मागच्या महिन्यात नजीरच्या जीपमधून मी वर जाऊन आलो. बातमीदाराने बघितल्याशिवाय लिहू नये, एवढाच विचार होता. जागा तू निवडली असतीस तशीच आहे. मागे टेकडी, पुढे उतार, उताराखाली ओढा, आणि त्याला अजून पाणी आहे. पाड्यावरच्यांनी मला घरभर फिरवलं. नंतर कुडाच्या चौकटीत उभं केलं आणि माझ्या डोक्यावर हात धरून वरची आडवी फळी चार बोटं उचलली. पाहुण्याचं डोकं आपटू नये म्हणून करत असतील, असं मी समजलो. रूपलीबाईने मला बैल हाकता येतो का विचारलं. येत नाही म्हटल्यावर तिने इतर बायकांना काहीतरी सांगितलं आणि सगळ्या बराच वेळ हसल्या. मग तिने विचारलं, मी रागीट आहे का. इतकी वर्षं मी लोकांना प्रश्न विचारतो आहे, पण कोणत्याही पाहुण्याची एवढी कसून चौकशी केल्याचं मला आठवत नाही. परत येताना नजीर सारखा आरशातून माझ्याकडे बघत होता. काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "कुछ नहीं, भाऊसाहेब, रस्ता देख रहा हूँ." रस्ता समोर होता.

पंधरा दिवसांपूर्वी मुंबई केंद्रावर तुझी मुलाखत लागली, ती आम्ही ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ऐकली. ओट्यावर बसायला जागा नव्हती. मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज गोड, पण तू उत्तर पुरं करण्याआधीच त्या पुढच्या प्रश्नाला हात घालतात. त्यांनीही तुला विचारलं की आता कुठे स्थिरावणार, आणि तू म्हणालीस, कलावंताचं घर म्हणजे रंगमंच. वाक्य चांगलं होतं. मी ते छापताना मथळ्यात घेतलं असतं. पण ऐकल्यापासून एक गोष्ट मला सोडत नाही. एकाच प्रश्नाला तू दोन ठिकाणी दोन उत्तरं दिलीस. तिथे क्षणभरही थांबली नाहीस आणि इथे थांबलीस. दोन्हींतलं खरं कोणतं? पाहुण्याची दोन विधानं जुळली नाहीत की मी पत्र टाकून विचारतो, ती माझी नेहमीची पद्धत आहे. या वेळी पंधरा दिवस कागद समोर ठेवून बसलो आणि पत्र टाकलं नाही.

आपण गणपतीच्या मेळ्यात काम करायचो तेव्हा तू अशीच थांबायचीस. प्रवेश मी लिहिलेले, विंगेतून शब्द पुरवणाराही मीच. तू थांबलीस की मला वाटायचं, विसरली, आणि मी पुढचं वाक्य सांगायचो. मग तू बाहेर येऊन चिडायचीस, की विसरले नव्हते, मुद्दाम थांबले होते, तेवढीच जागा माझी होती. पुढे मी धुळ्याला छापखान्यात चिकटलो. 'तळोद्याच्या कु. वत्सला नाटक कंपनीत दाखल' ही दोन ओळींची बातमी माझ्याच हाताखालून गेली. खिळे जुळवणाऱ्याने विचारलं, ओळखीची का. गावची आहे, म्हटलं. त्यानंतर तुझ्या कंपनीच्या मुक्कामांच्या बातम्या मी नेमाने लावत राहिलो, पंढरपूर नाही तर सांगली, सांगली नाही तर हुबळी. वाचकांना त्यात फारसा रस असेल असं वाटत नाही.

आता आजचं. सुरुपसिंग बाजार आटोपून आला. घर झालं म्हणाला, आणि मग त्याच्या मोडक्या अहिराणीत विचारलं, "बाईनी चार मानसंमा घर मांगं, आम्ही दिन्हं. आते तुम्ही दोन्ही कव्हय यीशात?" दोघं कधी येणार. मी म्हटलं, दोघं कोण? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू शिकलेल्या माणसाला हेही सांगावं लागतं. मग सांगितलं. त्यांच्या पाड्यावर सोयरीक ठरते तेव्हा पुरुष बाईच्या समोर बसतो, चार माणसांत तिला विचारतो की तू राहणार कुठे. ती सांगते. सगळे ऐकतात. मग तो तिच्या हातात नारळ आणि लुगडं देतो, आणि झालं. मी म्हटलं, अरे, नारळ मी पैलवानालाही दिला होता. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला की पैलवानाने घर मागितलं नव्हतं.

तर वत्सला, ते घर दोघांचं आहे. चौकट माझ्या उंचीची आहे. हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं, नजीरला होतं, लोटनला होतं. लोटन तर आज भोंग्याची वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "भाऊ, घोडावर बसशी का जीपमा?" माहीत नव्हतं ते फक्त ज्याने प्रश्न विचारला त्याला, आणि जिने उत्तर दिलं तिला. निदान माझ्यापुरतं तरी हे खरं आहे. तुझ्याबद्दल मी खात्रीने लिहू शकत नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. सुरुपसिंगला मी चूक झाली असं सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, विचारून सांगतो. मला विचारायचं आहे, आणि या वेळी छापायचं नाही.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी चूल पेटवायची, असं पाड्याने ठरवलंय. पहिला जाळ घरच्या माणसांनीच लावायचा. तू आली नाहीस तर मी एकटा वर जाईन आणि चार माणसांत सांगेन की बाईचा शब्द मी चुकीचा समजलो. सुरुपसिंग म्हणतो, तसं झालं तर कुणी रागावणार नाही. ज्याचा वासा तो उतरवून घेऊन जाईल. आदल्या दिवशी सुरतेकडून येणारी गाडी नंदुरबारला दुपारी लागते. मी फलाटावर असेन. तू उतरलीस आणि थांबलीस, तर तुला पुढचं वाक्य सांगणार नाही.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेला,
तुझाच
हिंमतराव