गेट लावणारी ती

३ मार्च, सोमवार

नाटकात भूमिका मिळाली! सुपरवायझरची. म्हणजे कारखान्यात जी आहे तीच, फक्त आता टाळ्यांसकट.

गोष्टही मीच पुरवलेली – ‘ऐकलेली’ म्हणून. कपड्यांचा कारखाना. नवीन सुपरवायझर आठच्या ठोक्याला गेट लावते. पाच मिनिटं उशिरा आलेली मैत्रीण बाहेर. मैत्रिणीची नोकरी जाते.

खऱ्यात गेट लावणारी मी, आणि बाहेर राहिली ती माझी मैत्रीण गुंडी. सहा वर्षं झाली. आता ती कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात असते आणि मी लांबच्या गल्लीने घरी येते. दिग्दर्शक बाईंना यातलं काही माहीत नाही.

५ मार्च, बुधवार

तालमीत गेट लावलं आणि भोकाड पसरलं. मला वाटलं, काय अभिनय केला!

बाई म्हणाल्या, “तू रडलीस की लोक रडतात. रडले की मोकळे होतात, आणि घरी जाऊन झोपतात. मला जागे हवेत.” सुपरवायझर व्हायचं नाही, दाखवायची. शेजारीण शेजारणीची नक्कल करते तशी. (ते मला येतं. त्यासाठी बदनाम आहे मी.) पुढच्या बुधवारपर्यंत रडणं थांबलं नाही तर भूमिका गटातल्या चष्मेवालीला. बघतेच!

७ मार्च, शुक्रवार

इथले रिवाजच उलटे. पडदा कमरेएवढा, दोरीवर चादर वाळत घातल्यासारखा – सामान हलवताना आमची डोकी दिसतात. प्रेक्षकांवरचे दिवे चालूच. वर प्रवेशाआधी पाटी: ‘सुपरवायझर मैत्रिणीला बाहेर ठेवते.’

हे ऐकून ह्यांचा संताप. “अगं, आधीच सांगून टाकलं तर लोक बसतील कशाला?” म्हटलं, काय होतं ते नाही, कसं होतं ते बघायला. वाक्य बाईंचं, पण ऐटीत टाकलं.

९ मार्च, रविवार

नवा सराव. आपली वाक्यं ‘ती म्हणाली’ लावून बोलायची, काय करतो तेही मोठ्याने सांगायचं. घरीच सुरू केलं. “तिने चहा ओतला. ती म्हणाली, साखर संपली आहे.” हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “त्याने ऐकलं नाही.”

लेकीने स्वयंपाकघरात पाटी लावली: ‘आई फोनवर बोलते, दूध उतू जातं.’ गेलंच! आणि बापलेक उभे राहून कसं जातं ते बघत होते. गॅस कोणी बंद करेना. हसून हसून पोट दुखलं.

१२ मार्च, बुधवार

“तिने घड्याळ पाहिलं. आठ वाजून पाच. मैत्रीण रस्त्याने पळत येत होती. तिने पाहिलं. तिने गेटला कडी घातली.”

डोळे कोरडे. भूमिका माझीच!

पण म्हणता म्हणता कळलं – मी गुंडीला पळताना पाहिलं होतं. सहा वर्षं स्वतःला सांगत आले, दिसलीच नाही. नियमबियम काही नाही. वर खिडकीत साहेब उभे होते आणि मी घाबरले होते. आनंदही झालाय आणि शरमही वाटतेय, दोन्ही एकदम.

१५ मार्च, शनिवार

बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मग एक पास कोणाला द्यायचा ते ठरलं.”

गेले दुकानात. गुंडी पाठमोरी, डबे रचत होती. तशीच जाड वेणी. पास मालकाकडे तिच्या नावाने ठेवला आणि पळाले. भित्री कुठली!

२२ मार्च, शनिवार

उद्या प्रयोग. गुंडी येईल का? ह्यांनी माझ्या उशीवर पाटी ठेवली आहे: ‘ती झोपत नाही.’

२३ मार्च, रविवार

सभागृह भरलेलं, दिवे चालू, तिसऱ्या रांगेत गुंडी. गेट लावलं. लोकांकडे वळून ठरलेलं वाक्य म्हटलं, “माझ्या जागी तुम्ही असता तर?” इथे मनात तीन मोजून पुढे जायचं असतं. दोनवर गुंडी उभी राहिली.

“मीपण लावलंच असतं गं! पण मग सहा वर्षं तोंड नसतं चुकवलं!”

मी कडी काढली आणि खाली उतरले. नाटकात असं काही नाही.