उजव्या हातातल्या बांगड्या

बोईसर, रविवार, १३ नोव्हेंबर १९९४

ऑस्ट्रेलियाचे फोटो धुऊन आले. ते बघायला सातपाटीहून आई आली होती. पाठीवर सॅक घेऊन आम्ही दोघं महिनाभर हिंडलो, त्याचं तिला काही नाही. समुद्रात बुडी मारलेल्या, पाण्याखालच्या फोटोवर मात्र अडली.

मग ह्यांनी तीच गोष्ट सांगितली. खोल पाण्यात ह्यांच्या नळीतून हवा येईना, तेव्हा मी हात धरून ह्यांना वर आणलं म्हणे. सगळ्यांना हेच सांगतात. का सांगतात?

ह्यांनी माझा हात धरला होता, तो मी झटकला. घाबरून एकटीच वर आले. ह्यांना वर आणलं ते आम्हाला बुडी शिकवणाऱ्याने.

"कोनता हात गो?" ह्यांचं खरं मानून आईने विचारलं.

"उजवा."

आमच्या कोळ्यांत लग्नात नवरी उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते, नवरा सुखरूप परत यावा म्हणून. माझा नवरा कारखान्यातला, त्याला दर्याचं काय भय? हसून मी दिल्या नव्हत्या.

"आता तरी दे. दर्यानं सोडलाय त्याला."

तिला पोचवायला गेले तेव्हा दिल्या. आईचे डोळे भरले. मला फक्त त्या हाताची किणकिण नको होती.

घरी येऊन चहा केला. ह्यांनी मोकळ्या मनगटाकडे बघितलं. कप घेतला तो बशीची कड धरून, माझ्या बोटांना बोट लागू न देता.

परत आल्यापासून असाच घेतात. लक्षात आज आलं.