मुकादमसाठी नवी हाक

३ फेब्रुवारी
आज उगाचच ती दुपार आठवली. मागच्या पायरीवर हे आणि मी मटार सोलत बसलो होतो. मुकादम तेव्हा कुत्र्याचं वीतभर पिल्लू. शेंग खाली पडली की झडप घालायचा, चावायचा, तोंड वाकडं करून टाकून द्यायचा. आणि पुढची शेंग पडली की पुन्हा तेवढ्याच आशेने झडप! हे म्हणाले, "अनुभवातून शिकायचं नाही असं ठरवूनच आलाय हा. मोठा साहेब होणार." बाकी काही घडलं नाही त्या दुपारी. पातेलं भरलं, आम्ही उठलो.

आज डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. फुप्फुसातली गाठ वाढली आहे. महिनाअखेरीस भरती व्हायचं. घरी कधी सोडणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दोघंही सभ्य माणसं.

येताना रस्ताभर एकच — मुकादमचं काय?

५ फेब्रुवारी
धाकटी बहीण येऊन गेली. थोडी रडली, मग उठून माझे डबे पुसत बसली. काय बोलावं सुचलं नाही की तिचे हात फडकं शोधतात. मुकादमला न्यायला ती एका पायावर तयार आहे. अडलंय ते तिच्या यजमानांपाशी. घर अगदी वळणावर, दिवसभर लॉऱ्या. त्यांचा आधीचा कुत्रा तिथेच गेला. संध्याकाळी त्यांचा स्वतःचा फोन आला. "ताई, कुत्र्याला माझी ना नाही. पण हाकेसरशी मागे फिरणारा हवा. पुन्हा पोतं घेऊन रस्त्यावर उतरायची ताकद नाही माझ्यात."

काय चुकीचं बोलले?

आणि आमचं ध्यान! घरात शहाणा, पण बाहेर उंदराचा वास आला की जगाशी संबंध संपला. टेरियरची जातच ती. हाक मारली की एक कान मागे वळतो फक्त. ऐकलंय, सवडीने बघतो. ह्या वयाचा कुत्रा दुसरं कोण घेणार? धाकटीकडे नाही तर कोंडवाडा.

७ फेब्रुवारी
जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, याला नावाने हाक कधी मारता? मी सांगत गेले — अंघोळ, कानातलं औषध, नखं कापणं, चप्पल फाडली तेव्हा, मैदानातून घरी निघताना. त्या म्हणाल्या, "मग तो येईल कशाला? मीसुद्धा नसते आले."

तर नवीन शब्द हवा. घरात कधी न उच्चारलेला. आला की उकडलेली कलेजी, आणि लगेच पुन्हा खेळायला मोकळा.

'ये', 'चल', 'इकडे' — सगळे वापरून झिजलेले. मग शाळेची हजेरी आठवली. कॉन्व्हेंटच्या त्या थंडगार फरशीवर रांगेत उभं राहून — 'प्रेझेंट, सिस्टर!' धाकटीला फोनवर सांगितलं तर ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. तिची हजेरी नेहमी उशिरा, धापा टाकत. म्हणाली, माझ्यापेक्षा तरी वेळेवर येऊ दे म्हणावं.

८ फेब्रुवारी
पाण्याच्या टाकीमागचं मैदान. पट्ट्याला लांब दोरी. दोरीत पाय अडकून मीच आपटले. मुकादम धावत आला — मला चाटायला नव्हे, सांडलेली कलेजी गोळा करायला.

१२ फेब्रुवारी
आला. दोरी न ओढता आला. सोडला, पुन्हा आला!

१६ फेब्रुवारी
पडक्या भिंतीशी उंदराचं बीळ सापडलं होतं त्याला. मातीत मान खुपसलेली, शेपूट ताठ. ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही असं वाटलं. मी हाक मारली. डोकं बाहेर काढलं, नाकावर मातीचा ढीग, आणि तसाच सुसाट माझ्याकडे. गवतातच बसले मी. त्याचे दोन्ही कान धरून रडले. सुटला बिचारा, असं वाटलं.

१८ फेब्रुवारी
धाकटी आणि तिचे यजमान बघायला आले. धाकटीने हाक मारली, "प्रेझेंट!" नाही. पुन्हा मारली. लाडाने मारून पाहिली, सिस्टरांसारखी करड्या आवाजात मारून पाहिली. हा आपला उकरतोय. यजमान हात मागे बांधून उभे.

तेवढ्यात मला खोकल्याची उबळ आली. तर हा बीळ सोडून बाणासारखा आला आणि माझ्या पायाशी बसला. नजर कलेजीच्या पिशवीवर.

मग माझ्या लक्षात आलं. एवढ्यात मी एकदाही खोकल्याशिवाय हाक मारलेली नाही. आधी घसा मोकळा करायचा, मग ओरडायचं. नाहीतर आवाजच फुटत नाही. शब्दबिब्द त्याने ऐकलाच नाही. तो माझा खोकला शिकला.

यजमान म्हणाले, "मोबाईलमध्ये भरून घ्यायचा का, ताई? खोकला?" आणि कानापर्यंत लाल झाले. धाकटीने असं पाहिलं त्यांच्याकडे! मला हसू आलं. हसल्यावर खोकला. खोकल्यावर मुकादम.

१९ फेब्रुवारी
मोबाईलचा विचार सकाळभर केला. युक्ती वाईट नाही. पण मी नसताना माझा खोकला कुठल्याशा मैदानात वाजणार, आणि धाकटीने तो रोज ऐकायचा. नको.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिकलेलं पुसता येतं. तुम्ही खोकलात आणि तो आला, तर द्यायचं काही नाही. कलेजी नाही, हात नाही, नजरसुद्धा नाही. जे मिळेल ते धाकटीकडून, तिच्या हाकेला.

२१ फेब्रुवारी
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं — खोकला काही मैदानात ठेवून येता येत नाही. जेवताना येतो, न्हाणीघरात येतो, पडल्या पडल्या येतो. दर वेळी हा असेल तिथून उठून येतो. समोर बसतो. शेपटीने फरशी झाडत राहतो. आणि मी भिंतीकडे बघते.

धाकटी राहायलाच आलीय. म्हणाली, ताई, एखादा तुकडा दे गं, एकाने काय होतंय. मी म्हटलं, तुझ्या दारातून लॉऱ्या जातात ना? ती उठली. डबे पुसायला गेली.

२३ फेब्रुवारी
आज आला, वाट पाहिली, मग हळूच एक पंजा पलंगावर ठेवला. मी कूस बदलली.

ह्यांच्यानंतर ह्या घरात माझ्या आवाजाला धावून येणारा हा एकटा. त्याला मी दिवसभर शिकवतेय — येऊ नकोस.

२४ फेब्रुवारी
आज दोनदा आला नाही. कान हलला फक्त.

२६ फेब्रुवारी
पुन्हा सगळे मैदानात. मी बाकावर. यजमानांनी स्वतः दोरी सोडली. मुकादम थेट भिंतीकडे. पार टोकाला पोचल्यावर धाकटीने हाक मारली. थांबला. वळला. तिच्याकडे आला. परत सोडला, परत आला. यजमानांनी हाताने कलेजी भरवली, हात पँटला पुसला आणि त्याच हाताने डोळे.

मग मला उबळ आली. मोठी. रुमालावर रक्त. मुकादम माझ्यापासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर होता. माझ्याकडे पाहिलं त्याने. मग धाकटीकडे पाहिलं. आणि तिच्याकडे गेला.

"घेऊन जातो, ताई," यजमान म्हणाले. मी हो म्हटलं. धाकटी त्याला घरी पोचवून उद्या माझ्याकडे येईल. गाडीचं दार लागलं. मागच्या काचेवर त्याचं नाक टेकलेलं दिसत होतं. मी हात हलवला नाही.

हवं होतं तसंच झालं सगळं.

२७ फेब्रुवारी
उद्या भरती. हे पान तुझ्यासाठी, धाकटे. बाकीची वाचू नकोस.

शिवणयंत्र शेजारच्या शिंपीणबाईंना. ह्यांचं घड्याळ तुझ्या यजमानांना, त्यांना आवडायचं. माझी शाल डॉक्टरीणबाईंना. बांगड्या तुला. मुकादम तुला, कायमचा.

आणि एक. औषधाच्या गुंगीत मी म्हणेन, त्याला एकदा दाखवायला आण. हट्ट करीन, हातापाया पडेन. आणू नकोस. मी खोकेन, आणि तो आला तर ह्या वेळी मला हात मागे ठेवता येणार नाही.