साथीदार तयार नाही

८ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा खोळंबा! चहा केला, प्यायलो, कप विसळून पालथा घातला, तरी कॉम्प्युटरवर खेळ उघडायची पट्टी निम्म्यावरच. लेक तिकडे तिच्या शहरात कानाला हेडफोन लावून बसलेली. मी इकडे फोन शब्दकोशाला टेकवून.

"बाबा, झालं?"

"अजून नाही गं."

"चालू दे. आमच्या साहेबांची गंमत सांगितली का तुला?"

नव्हती. सांगितली. मग मांजराचं. मग वरच्या मजल्यावर बेसूर गाणाऱ्या बाईंचं. मग म्हणाली, "बाबा, एक—" आणि तेवढ्यात पट्टी भरली. दोघांनी 'तयार' दाबलं. स्टेशन आलं.

हा खेळ तिच्या शाळेच्या दिवसांतला. ती इंजिन चालवते. मी केबिनमध्ये बसून सांधे बदलतो, सिग्नल देतो. आज पडदा असा गचके खात होता की सिग्नल पडेपर्यंत मालगाडी जाऊन आदळलेली. "केबिनमास्तर झोपले!" म्हणून ती हसली. मला नाही हसू आलं. आठवड्यात एक मोकळी दुपार मिळते पोरीला. त्यातली निम्मी या डबड्यापायी जाते.

९ फेब्रुवारी, रविवार

ही होती तोवर फोन तिच्याकडे असायचा. मायलेकी तासभर बोलायच्या. शेवटी ही माझ्या हातात द्यायची — "घे, बाबांशी बोल." मी म्हणायचो, "बरी आहेस ना? जावईबुवा बरे? ठेवू?" संपलं. ही गेल्यावरही काही महिने तेच चाललं. बरी आहेस ना. ठेवू.

मग लेकीनेच हा खेळ शोधून काढला. "बाबा, केबिन रिकामी आहे, येतोस का?"

उद्या ती कंटाळली तर? ती तसं म्हणणार नाही. आधी एक शनिवार चुकेल, मग दुसरा. मग उरेल ते बरी आहेस ना, ठेवू.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे डबा उचलून नेला. त्यांनी झाकण काढून आत फुंकर मारली, स्वतःच शिंकल्या.

"काका, याला आता निवृत्त करा."

"मी झालोय. घरात एक पुरे."

हसल्या. म्हणाल्या, मशीन बदलायचं नसेल तर खेळ हलका करा. जुन्या खेळांच्या वेड्यांनी त्यासाठी हत्यारं बनवून ठेवलीत. मॉड म्हणतात. खेळाच्या पोटात शिरायचं, नको ते काढायचं. सावल्या, धूर, झाडांची पानं.

"पण मूळ फाइलींची प्रत ठेवा हं. लोक उत्साहाने कापत सुटतात आणि मग माझ्या दुकानात येऊन रडतात."

नको ते काढायचं! उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसरं केलं काय मी?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सावल्या काढल्या. धूर काढला. लांबचे डोंगर काढले — तिथे कुठलीच गाडी जात नाही. फलाटावरची गर्दी निम्मी केली. खेळाच्या फाइलींत सगळं साध्या ओळींनी लिहिलेलं आहे. सरळ सरळ मजकूरच. पेन्सिल कानावर आहे का, म्हणून दोनदा हात गेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजिन गुलाबी झालं! स्टेशनमास्तरला डोकं नाही!

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुरुस्त व्हायच्या आत शनिवार उजाडला. गुलाबी इंजिन पाठवलं तिला, फोटो काढून. इतकी हसली की फोन फाटतो की काय. "बाबा, असंच ठेव. प्लीज. लग्नाची गाडी वाटतेय." मग हसणं एकदम थांबलं. पट्टी तशीच रखडलेली. मी ओशाळलो. "अगं, पुढच्या आठवड्यात बघ, पळवतो की नाही." ती म्हणाली, "घाई कुठाय?"

तिच्या आईचं वळण. स्वतःची गैरसोय कधी बोलून दाखवायची नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! दोष पानांत नाही, धुरातही नाही. एका लांबलचक यादीत खाली एक ओळ आहे. ती एका शिट्टीच्या आवाजाची फाइल मागते. तशी फाइल कुठेच नाही. खेळ दर वेळी सगळी कपाटं उचकटून ती शोधत बसतो, आणि मिळत नाही तेव्हा पुढे सरकतो. इतकी वर्षं! ओळ काढली. उरलेल्या बारीकसारीक फाइली हत्याराने एका गठ्ठ्यात बांधल्या.

आधण ठेवून आलो. उकळी फुटायच्या आत स्टेशन हजर!

एकटाच टाळ्या वाजवल्या. वेडा म्हातारा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिला काही सांगितलं नव्हतं. फोन लागला, पट्टी धावायला लागली.

"बाबा, ऐक ना. एक सांगायचं होतं—"

"थांब, थांब! आधी बघ काय झालंय ते!"

'तयार' दाबलं.

"अरे... झालं पण?"

"झालं!"

"वा," म्हणाली. "भारीच की, बाबा."

काय खेळलो आज! एक गचका नाही, एक अपघात नाही. लोण्यातून सुरी. तीन नंबर घे — घेतला. सिग्नल — दिला. मागे घे — घेते. दीड तास. शेवटी म्हणाली, "ठेवते हं बाबा."

कधी नव्हे ते तिने आधी ठेवला.

१ मार्च, शनिवार

माझं क्षणात उघडलं. दाबलं. पडद्यावर ओळ आली: साथीदार तयार नाही.

वाट पाहिली. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"काय गं?"

"अं? हो. माझंच जरा अडकलंय."

मी पडद्याकडे बघत बसलो. कंटाळा येऊ नये म्हणून मीच विचारलं, जावईबुवा काय म्हणतात? म्हणाली, बरे आहेत. मग ओळ गेली, गाडी सुटली.

आता घोडं तिकडे अडलंय. तिचंही मशीन म्हातारं झालेलं दिसतं.

८ मार्च, शनिवार

साथीदार तयार नाही. गेल्या खेपेपेक्षाही जास्त वेळ.

"तुझंही डबडं झालंय. मी सगळं बांधून पाठवतो, टाक त्यात. चुटकीसरशी उघडेल."

"नको बाबा."

"अगं, काही कठीण नाही."

"राहू दे ना. प्लीज."

हट्टी. यात नको म्हणण्यासारखं काय आहे? न सांगताच करावं. फक्त तिच्या मशीनची माहिती हवी. जावईबुवांना विचारू.

११ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत फोन केला त्यांना. आधी हवापाणी. मग मुद्द्यावर आलो — तिचं मशीन किती जुनं आहे हो?

"जुनं? नवंकोरं आहे, बाबा. मीच घेऊन दिलंय. असले जुने खेळ तर पापणी लवायच्या आत उघडतात त्यावर."

"मग अडकतं कसं?"

मागे कुणाच्या तरी ताटवाट्या वाजत होत्या.

"बाबा, तिने सांगितलं नाही का अजून?"

"काय?"

"मी तिथे राहत नाही. जानेवारीपासून." मग घाईघाईने, "भांडण नाही हो. तसं काहीच नाही. नाही जमलं आम्हाला. दोघांनीही खूप केलं, बाबा, खरंच. ती शनिवारी तुम्हाला सांगणार होती. दर शनिवारी. मी विचारतो, सांगितलंस का. तर म्हणते, आज बाबांचा खेळ लवकर सुरू झाला."

मी खुर्चीत बसलो. उभाच होतो वाटतं तोवर.

"बाबा? रागावलात?"

"जेवलास का तू?" म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकेरी आलं तोंडातून.

"जेवतोय," म्हणाला.

म्हणजे तिकडे सगळं उघडलेलंच होतं. बोट तेवढं बटणावर जात नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

काही केलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

प्रत ठेवली होती, बरं झालं. एकेक परत जागेवर ठेवलं. सावल्या, धूर, डोंगर, फलाटावरची सगळी माणसं. नसलेली शिट्टी शोधायला लावणारी ती ओळही.

१५ मार्च, शनिवार

"बाबा, झालं?"

"नाही गं. मीच काहीतरी बिघडवून ठेवलंय. आज फार वेळ लागणार."

पंखा घरघरत होता. पट्टी रांगत रांगत गेली, भरली. मी हात मांडीवर ठेवले. ती गप्प होती. मीही गप्प. पण 'ठेवू?' म्हणालो नाही.

"बाबा, एक—"

"सांग."

गाडी काही सुटली नाही आज.